गेटच्या आत काय होतं, हे सांगायला लाज कसली?

हजला जाणाऱ्यांसाठी आपल्याकडे तरबियती कॅम्प असतो. एहराम कसा बांधायचा, मिनाच्या तंबूत चप्पल कुठे ठेवायची, हरवलात तर कुणाला गाठायचं, सगळं नकाशा लावून सांगतात. मय्यतीला गुस्ल कसा द्यावा, हे मदरशात शिकवतात. दहावीच्या मुलांना पेपर कसा लिहावा याचं मार्गदर्शन असतं, त्यासाठी आम्हा मास्तरांना बोलावतात, चहा-बिस्किटंही देतात. पण धाराशिव, उमरगा, परंडा, कळंब, कुठल्याही गावाचा मोहल्ला घ्या, वर्षाकाठी तिथलं एखादं तरी पोरगं ज्या दारातून आत जातं, त्या दाराबद्दल कुणी एक शब्द सांगत नाही. ते दार तुरुंगाचं.

मी दोन वर्षांपूर्वी एका मशिदीच्या कमिटीपुढे साधी सूचना मांडली होती. जुम्याच्या नमाजनंतर अर्धा तास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला बोलवू, अटक झाली तर काय करायचं ते सांगतील. एक बुजुर्ग म्हणाले, "सर, मस्जिद में जेल की बात? नहूसत आती है. हमारे बच्चे ऐसे नहीं." ज्या गल्लीत आम्ही बसलो होतो, त्याच गल्लीतल्या दोन घरांची पोरं त्या दिवशी आत होती. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. कुणी काही बोललं नाही. विषय संपला, पुढचा विषय पंख्यांचा होता.

हा लेख त्या बुजुर्गांसाठी आहे. आणि पलीकडच्या त्या मंडळींसाठीही, जी म्हणतात, "काही केलं नसेल तर घाबरायचं कशाला?"

आधी दुसऱ्यांचं बघू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातली ७५.८ टक्के न्यायाधीन बंदी होती, म्हणजे लोक ज्यांना कच्चे कैदी म्हणतात ते. चारातल्या तिघांवर कुठल्याही न्यायालयाने दोष ठेवलेला नव्हता. महाराष्ट्रातल्या तुरुंगांची क्षमता तेव्हा साधारण २५ हजारांची आणि आत माणसं ४० हजारांच्या घरात. टाटा समाजविज्ञान संस्थेने राज्य अल्पसंख्याक आयोगासाठी २०११-१२ मध्ये एक अभ्यास केला होता. राज्यातल्या १५ तुरुंगांमधल्या ३३९ मुस्लिम कैद्यांशी अभ्यासक बोलले. राज्याच्या लोकसंख्येत मुस्लिमांचा जो वाटा आहे, त्याच्या तिपटीच्या आसपास वाटा तुरुंगात होता. आणि बोललेल्यांपैकी बहुतेकांचा कुठल्या टोळीशी संबंध नव्हता. कमी शिकलेले, हातावर पोट असलेले, वकील परवडत नसलेले लोक ते.

हा तिपटीचा आकडा कुणी "बघा, हे असेच" म्हणून नाचवतो, तर कुणी "बघा, आमच्यावर जुलूम" एवढं म्हणून मोकळा होतो. दोघंही एक गोष्ट बघत नाहीत. तुरुंगात किती जण आहेत हे, किती जण आत गेले एवढ्यावर ठरत नाही. किती जण बाहेर येऊ शकले नाहीत यावरही ठरतं. एकाच दिवशी, एकाच कलमाखाली दोन पोरं आत गेली. एकाच्या काकाकडे सातबारा आहे, तो पाचव्या दिवशी घरी. दुसऱ्याचा बाप हातगाडीवर केळी विकतो, तो आठ महिने आत. मोजणीच्या दिवशी आकड्यात दुसराच सापडणार.

आता आपल्याकडे येतो. आपल्याकडे तुरुंगाचं ज्ञान दोन ठिकाणांहून येतं. एक, मोबाईलवरचे रील, ज्यात गॉगल घातलेला भाई गेटमधून बाहेर पडतो आणि मागे गाणं वाजतं. दोन, दलाल. तो कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीजवळ उभा असतो. "अंदर मेरी पहचान है, बच्चे को अच्छी बराक दिला दूँगा," असं म्हणून घरच्या बाईचे कानातले उतरवून घेतो. बाईला आत काय होतं ते काहीच माहीत नसतं, म्हणून त्याचा धंदा चालतो. आपल्या गप्प बसण्यातून सरळ पैसा कमावणारा माणूस हा. त्यामुळे जे सगळ्यांना माहीत असायला हवं, ते इथे लिहितो. कायद्याचा मी पंडित नाही. पण वाचता येतं, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासोबत कोर्टाच्या पायऱ्या बऱ्याच वेळा चढलो आहे.

सुरुवात तुरुंगाच्या आधीपासून करावी लागते, कारण बरंच काही तिथेच बिघडतं. आपल्या भागातली पोरं कशात अडकतात? हाणामारी. चोरीचा संशय. जनावरांची वाहतूक आणि कत्तलीचा कायदा, ज्यात २०१५ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि अलीकडे व्हॉट्सअॅपचं स्टेटस. जून २०२३ मध्ये कोल्हापूर पेटलं ते अशाच स्टेटसवरून. भावना दुखावल्याच्या कलमांना बहुतेक वेळा तीन वर्षांपर्यंत शिक्षा असते. आता सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा अर्नेश कुमार निकाल सांगतो की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये. आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, अटक करायचीच तर कारण लेखी नोंदवावं. हे न्यायदंडाधिकाऱ्यापुढे कुणी बोललं तर उपयोग. बोलणार कोण? पोराचा बाप हात जोडून "साहब, माफ कर दो" म्हणत असतो. माफी मागितल्याने खटला मिटत नाही. उलट समोरच्यांना वाटतं, केलंच असेल.

चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं केलं पाहिजे, हे संविधानाच्या २२व्या कलमात आहे. घरच्या एका माणसाला कळवलं पाहिजे. डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे आणि त्या अहवालाची प्रत मागता येते. अटकेची कारणं लेखी, आणि अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहिर राजेश शाह प्रकरणात सगळ्याच गुन्ह्यांसाठी सांगितलं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून इथे थोडं थांबतो. "समजेल अशा भाषेत" याचा अर्थ काय? पोलिसांची मराठी ही मराठीच्या मास्तरालाही दोनदा वाचावी लागते. सदर इसम, मजकूर आरोपी, नमूद मुद्देमाल, समक्ष पंच. गंमत अशी की यातले निम्मे शब्द आपलेच, फारसी-अरबीतून आलेले. फिर्याद, वकील, हजर, कैद, जामीन. आणि त्यातच घोटाळा होतो. उर्दूत 'ज़ामिन' म्हणजे हमी घेणारा माणूस आणि सुटका म्हणजे 'ज़मानत'. मराठीत 'जामीन' हा शब्द सुटकेलाही आणि हमीलाही. "जामीन झाला" असं वकील फोनवर म्हणतो, घरात शिरखुर्मा होतो, आणि पोरगं तीन आठवडे आतच. कारण आदेश झालेला असतो, जामीनदार मिळालेला नसतो.

सहीचंही तेच. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर आरोपीची सही घेता येत नाही, आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात चालत नाही. मकोकासारख्या कायद्यात अपवाद आहे, म्हणून तिथे दुप्पट सावध राहायचं. कोऱ्या कागदावर सही कुठेच करायची नाही. उर्दूत सही करणाऱ्या मुलांना मी नेहमी सांगतो, मराठीत सही करता येते म्हणून मिरवू नका. सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचता येतं का, ते बघा.

मग येतात ती दोन अक्षरं, पीसीआर आणि एमसीआर. पोलीस कोठडी आणि न्यायालयीन कोठडी. "एमसीआर झाला, आता पोलीस हात लावू शकत नाहीत," अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. ती आता अर्धीच खरी. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. पोलीस कोठडीचे एकूण दिवस पंधराच, पण ते तुकड्यातुकड्याने, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येतात. म्हणजे तुरुंगात गेलेलं पोरगं परत ठाण्यात येऊ शकतं. घरच्यांना हे माहीत नसेल तर त्या दिवशी वकील सोबत नसतो.

आणि आता गेट.

मोठं दार उघडत नाही, त्यातलं छोटं उघडतं, वाकून आत जावं लागतं. पोलीस न्यायालयाचं वॉरंट देतात, तुरुंगाचा माणूस नाव, बापाचं नाव, कलम तपासतो. इथे नाव चुकलं तर पुढे सुटकेच्या कागदावरचं नाव जुळत नाही आणि सुटका अडते. आपल्या नावांचं मराठी कागदांवर काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. शेख, शेक, सेख. मोहम्मद, महमद, महंमद. आधार कार्डावर आहे तेच नाव सांगा आणि लिहिलेलं वाचून दाखवायला सांगा.

मग झडती. कपडे उतरवायला लावतात. ज्याने आयुष्यात बापासमोरही कुडता काढला नाही त्याला हे फार लागतं, आणि याबद्दल कुणी आधी सांगितलेलं नसतं म्हणून जास्त लागतं. पैसे, अंगठी, घड्याळ, पट्टा, मोबाईल जमा होतात आणि रजिस्टरवर चढतात. तावीजही बऱ्याच वेळा काढून घेतात. त्यावरून वाद घालू नये. जमा झालेल्या वस्तूंची नोंद झाली का एवढं मात्र विचारावं. बाईची झडती बाईनेच घ्यायची असते.

त्यानंतर डॉक्टर. हा या सगळ्यातला सर्वात महत्त्वाचा टप्पा, आणि तो दोन मिनिटांत उरकला जातो. १८९४ चा इंग्रजांचा कारागृह कायदासुद्धा सांगतो की आत येणाऱ्याच्या अंगावरच्या जखमा आणि खुणा नोंदवायच्या. कोठडीत मार बसला असेल तर सांगायची जागा ही. दमा, फिट, साखर, रक्तदाब, चालू गोळ्या, सगळं सांगायचं. पोरं सांगत नाहीत. पोलीस बाजूला उभे असतात, "गिर गया था" म्हणून मोकळी होतात. ती जखम मग कागदावर पडल्याची जखम होते, कायमची.

हे मी उगाच ताणून सांगत नाही. आपल्यापासून लांब नसलेल्या परभणीची दोन नावं घेतो. ख्वाजा युनूस, इंजिनिअर, वय सत्तावीस. डिसेंबर २००२ मध्ये घाटकोपर स्फोटाच्या प्रकरणात उचलला, जानेवारी २००३ नंतर कुणाला दिसला नाही. पोलीस म्हणाले पळाला. सीआयडीच्या तपासात निघालं की कोठडीत मेला. दुसरा सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जी धरपकड झाली त्यात तो होता. पोलीस कोठडी संपून न्यायालयीन कोठडीत गेला आणि १५ डिसेंबरला मेला. शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या. पोलिसांवर गुन्हा दाखल करा, असं औरंगाबाद खंडपीठाला सांगावं लागलं. बावीस वर्षांच्या अंतराने एकाच गावाशी नातं असलेली दोन शिकलेली पोरं, एक मुसलमान, एक दलित. सोमनाथ तुरुंगाच्या दारातून आत गेला त्या दिवशी त्याच्या अंगावरच्या खुणा कुणी नीट बघितल्या असत्या तर? कारागृहात प्रवेशाच्या वेळची तपासणी म्हणजे कागदी सोपस्कार नव्हे, हे यासाठी म्हणतो.

पुढे बोटांचे ठसे, फोटो, उंची, वजन, ओळखीच्या खुणा, आणि मग बराक. कच्च्या कैद्याला स्वतःचे कपडे घालता येतात. त्याच्याकडून सक्तीने काम करून घेता येत नाही. त्याला शिक्षा झालेल्यांपासून वेगळं ठेवायचं असतं, एकवीसच्या आतल्यांना वेगळं. हे सगळं नियमात. प्रत्यक्षात जिथे शंभर जणांची जागा तिथे दीडशे झोपतात, तिथे वेगळं ठेवायला जागा कुठली? नव्या पोराला संडासाजवळची जागा मिळते. अंगावर पाय पडतात. रात्रभर दिवा चालू असतो. संध्याकाळी लवकर गिनती होऊन कुलूप लागतं आणि जेवण त्याच्या आधीच दिलेलं असतं, त्यामुळे रात्री भूक लागते. पहिल्या रात्री बहुतेक पोरं रडतात. रीलमध्ये हे दाखवत नाहीत.

आत एक बाजार असतो. बिडी, साबण, झोपायची जागा, सगळ्याला भाव. नवीन पोराला कुणीतरी बिडी देतो, चांगलं बोलतो, "मैं हूँ ना" म्हणतो. हे उधार असतं. ते फेडायला बाहेर आल्यावर कुणाचंतरी काम करावं लागतं. मारामारीच्या साध्या केसमध्ये गेलेलं पोरगं टोळीचा माणूस होऊन बाहेर येतं ते इथून. म्हणून घरच्यांनी पहिल्याच आठवड्यात कैद्याच्या खात्यावर थोडे पैसे भरावेत. पैसे हातात देता येत नाहीत, तुरुंगातल्या त्याच्या नावाच्या खात्यावर जातात, त्यातून तो कॅन्टीनमधून साबण-बिस्किटं घेतो. दोनशे रुपयांचा साबण-तेलाचा प्रश्न सुटला तर पोरगं कुणाचं मिंधं होत नाही. दलालाला दहा हजार देणारे घरचे हे दोनशे भरत नाहीत, कारण भरता येतात हेच माहीत नसतं.

भेटीचे वार ठरलेले असतात, त्या पाटीवर 'मुलाखत' लिहिलेलं असतं. आपल्या एका खालाने मला विचारलं होतं, "सर, इंटरव्ह्यू किसका है?" मुलाखत म्हणजे आपली मुलाकात. आधार कार्ड लागतं, नातं सांगावं लागतं, बोलायला मोजकी मिनिटं मिळतात, मधे जाळी किंवा काच असते. घरून पोर्टलवर नोंदणी करून व्हिडिओवर बोलायची ई-मुलाकातही आता आहे. लोहाऱ्याच्या पुढच्या खेड्यातून एसटीने जिल्ह्याला यायचं, मजुरी बुडवायची आणि वार चुकला म्हणून परत जायचं, हे ज्या बायकांनी केलंय त्यांना याची किंमत कळेल. रोजे ठेवणाऱ्यांसाठी बहुतेक कारागृहांत सहरी-इफ्तारची सोय करतात, त्यासाठी आधी नाव द्यावं लागतं. अडचण धर्माची कमी आणि माहितीची जास्त असते, हे मला पुन्हा पुन्हा दिसलंय.

आपण एका बाबतीत फार सोयीने वागतो, तेही बोलायला हवं. त्या बराकीत आपल्या पोराच्या शेजारी पारधी झोपलेला असतो. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं आणि शेजारच्या सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत करून कोंडलं, त्यांचा नातू-पणतू. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय गेला नाही. गावात चोरी झाली की पहिली उचल त्याच्या पालाची. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातल्या जातीवर लिहिलं आणि मग सर्वोच्च न्यायालयात गेल्या. कुणाच्या जातीने संडास साफ करायचा आणि कुणाच्या जातीने स्वयंपाक, हे तुरुंगाच्या नियमावल्यांमध्ये लिहिलेलं निघालं. ३ ऑक्टोबर २०२४ ला न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं आणि रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला. आपल्या उर्दू पेपरांनी याची किती दखल घेतली? "यह हमारा मसला नहीं." आपला कसा नाही? आपल्यात कुरेशी, पिंजारी, फकीर यांच्याकडे शरीफ घरं कशी बघतात, हे मला सांगू नका. आणि पोलीस ठाण्याच्या नजरेत तर खाटीक गल्ली आणि पारध्यांचा पाल यात फारसा फरक नसतोच.

आता सुटकेचं. इथे कायदा आपण समजतो त्याहून पुष्कळ पुढे गेलेला आहे. तपास ६० किंवा ९० दिवसांत संपून आरोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि आरोपपत्र येण्याआधी करावा लागतो. दिवस मोजणारा माणूस घरात हवा. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर माणूस गरीब आहे असं धरून त्याला जातमुचलक्यावर सोडायचं, असं कायद्यातच लिहिलंय. पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला तर त्याला सोडावं, हे नव्या संहितेचं ४७९वं कलम सांगतं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. जुन्या खटल्यांनाही ते लागू, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आणि असा अर्ज न्यायालयाकडे पाठवणं हे तुरुंग अधीक्षकाचं काम ठरवलंय. कलमात एक काटा आहे: एकाहून जास्त गुन्हे प्रलंबित असतील तर हा फायदा नाही. एकाच भांडणातून दोन-तीन फिर्यादी का दाखल होतात, त्याचं उत्तर काही अंशी इथे आहे.

जामीनदाराचा प्रश्न १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मोती राम खटल्यात सोडवून ठेवला होता. गरिबाकडे मोठ्या रकमेचा आणि त्याच जिल्ह्यातला जामीनदार मागणं अन्याय आहे, असं त्यांनी ठणकावलं. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं: जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभर हमी देता आली नाही तर न्यायालयाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करावा. त्याच वर्षी केंद्र सरकारने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम सरकारने भरायची असं तेव्हा ठरलं, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर समिती असते. अंमली पदार्थ, यूएपीए, मनी लाँडरिंग, भ्रष्टाचार वगळून. आपल्या जिल्ह्यातल्या किती जमातींना ही योजना ठाऊक आहे? मी विचारून बघितलं. ज्या पाच जबाबदार लोकांना विचारलं, त्यातल्या एकालाही नाही. त्यातले दोघं निवडणुकीला उभे राहिलेले.

शाळेचा संबंध इथे येतो. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला ना कोठडीत ठेवता येत, ना तुरुंगात. त्याला बाल न्याय मंडळापुढे न्यायचं. वय ठरवताना कायदा सर्वात आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र बघतो. आणि आपल्याकडे पहिलीत नाव घालताना तारीख काय लिहितात? एक जून. वर्ष अंदाजे. लवकर शाळेत घ्यावं म्हणून एखाद वर्ष वाढवूनच. सतरा वर्षांचं पोरगं कागदावर अठरा पूर्ण झालेलं असतं आणि थेट मोठ्यांच्या बराकीत जातं. जनरल रजिस्टरमध्ये मास्तराने आणि बापाने मिळून ठोकलेली ती तारीख अशी वसूल होते. जन्माचा दाखला नगरपालिकेतून, ग्रामपंचायतीतून वेळेत काढा म्हणून आम्ही पालकसभेत घसा कोरडा करतो, तो फक्त शिष्यवृत्तीसाठी नाही.

आपल्या उर्दूला तुरुंगाचं वावडं कधीच नव्हतं. हसरत मोहानींनी तुरुंगात चक्की पिसली आणि त्याबद्दल लिहिलं. मौलाना आझाद अहमदनगरच्या किल्ल्यात कैद होते, तिथली पत्रं आपण अभ्यासक्रमात शिकवतो आणि त्यातल्या चहाच्या वर्णनावर प्रश्न विचारतो. पण आझादांना तुरुंगात चहा आणि पुस्तकं होती. त्यापेक्षा जवळचा माणूस अब्दुल वाहिद शेख. मुंबईतला शाळामास्तर, माझ्याच पेशाचा. २००६ च्या लोकल स्फोटांच्या खटल्यात नऊ वर्षं आत काढून २०१५ मध्ये निर्दोष सुटला. आतच कायदा शिकला आणि 'बेगुनाह कैदी' हे उर्दू पुस्तक लिहिलं, ज्यात अटकेपासून पुढे एकेक टप्प्यावर काय होतं ते आहे. त्याच्या सोबतच्या बाकीच्यांना मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये निर्दोष सोडलं. त्यातला कमाल अन्सारी चार वर्षांपूर्वीच नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेला होता. आपण या लोकांच्या सुटकेवर मोर्चे काढतो, पोस्ट टाकतो, ठीकच आहे. पण त्यांच्या पुस्तकाची एक प्रत आपल्या किती शाळांच्या, किती मशिदींच्या कपाटात आहे? आणि मोठ्या खटल्यांसाठी निदान जमियतसारख्या संघटनांचे वकील उभे राहतात. मोटारसायकल चोरीच्या संशयात गेलेल्या पोरासाठी कोण उभं राहतं? "चोर है, सड़ने दो." चोर आहे हे ठरलं कुठे? आणि ठरलं तरी सडायची शिक्षा कुठल्या कलमात आहे?

मी कमिटीकडे निधी मागितला नव्हता. आजही मागत नाही. प्रत्येक मोठ्या गावात पाच-सहा माणसं, ज्यांच्या नावावर घर किंवा जमीन आहे, त्यांनी आपापसात ठरवावं की वर्षातून एका गरीब पोराला आपण जामीन राहू. घरपट्टीची पावती, सातबारा, तहसीलचा ऐपतीचा दाखला, एवढंच लागतं. धोका आहे, पोरगं तारखेला आलं नाही तर न्यायालय रक्कम वसूल करतं. म्हणून त्याच्या आईला ओळखणारा माणूसच जामीन राहावा. उरूसाच्या वर्गणीची वही ठेवता येते, तशी तारखांचीही ठेवता येते.

आणि वकिलाचं. कोठडीत असलेल्या कुठल्याही माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. १९८७ च्या कायद्याच्या १२व्या कलमात आहे. फुकटचा वकील काय लढणार, असं म्हणायची पद्धत आहे. पैसे घेतलेले वकील तारखेला न येणं मीही कमी वेळा बघितलेलं नाही. आता जिल्हा न्यायालयांमध्ये लोकअभिरक्षक कार्यालयं सुरू झाली आहेत, तिथले वकील फौजदारी बचावाचंच काम करतात. फोन नंबर १५१००, पैसे पडत नाहीत. अर्ज साध्या कागदावर चालतो. आरोपीचं नाव, पोलीस ठाणं, गुन्ह्याचा क्रमांक, कोणत्या तारखेला आत गेला, एवढं लिहायचं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, तिथला माणूस लिहून घेतो.